केमो संपली; आता कमाटीबाग, जिम की गोळ्या?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं (कोलन कॅन्सर) ऑपरेशन झालं, केमोही संपली, आणि घरात वाद सुरू झाला. पुतण्या म्हणतो जिम लावा, काकू म्हणतात कमाटीबागेत चाला, शेजारी अँटिऑक्सिडंट गोळ्या सुचवतात. याच पेचात असणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

चालण्याचं पारडं जड आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ चाचणीत कोलन कॅन्सरचे ८८९ रुग्ण होते, सगळे केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम, बाकीच्यांना फक्त आरोग्याची पुस्तिका. पाच वर्षांनंतर कॅन्सर न उलटता जगणारे व्यायामाच्या गटात ८०.३ टक्के, दुसऱ्यात ७३.९. आणि व्यायाम तरी किती? आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भराभर चाललं तरी पुरे. कमाटीबागेत हे फुकट होतं! (गुदाशयाच्या कॅन्सरचे रुग्ण मात्र त्या चाचणीत नव्हते.)

जिमबद्दल प्रश्न आहे तो व्यायामाच्या जोराचा. व्यायामाने फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) वाढतातच; बेताने वाढले तर पेशी आपली संरक्षक एन्झाइम्स वाढवतात, फार वाढले तर डीएनएला झळ पोचते. २००८ च्या एका जर्मन अभ्यासात मध्यम व्यायाम करणाऱ्या रुग्णांच्या लघवीतली डीएनए-नुकसानीची खूण उतरली, जास्त जोर लावणाऱ्यांत उतरली नाही. ४८ माणसं आणि दोनच आठवडे. तेवढ्यावरून मी जिम बाद करणार नाही. पण केमोनंतरच्या पहिल्या महिन्यांत धाप लागेपर्यंत पळणं मला पटत नाही. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, हे माप पुरे. पोटावर शौचाची पिशवी (स्टोमा) असेल तर वजनं उचलण्याआधी सर्जनला विचाराच. तिथे हर्नियाची भीती असते.

फ्री रॅडिकल्स मारणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या नकोत. २००९ मध्ये निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात सी आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसांनी व्यायामाचा फायदाच अडवला होता.

एका बाबतीत मात्र जिम सरस. केमोतल्या ऑक्झालिप्लॅटिन या औषधामुळे काकांच्या तळपायांना मुंग्या येतात, जमीन नीट जाणवत नाही. म्हणून सध्या ते कठडा धरून ट्रेडमिलवर सावकाश चालतात. मुंग्या ओसरल्या की पहाटे बागेत, उन्हाच्या आत, आणि काकू बरोबर.