रात्रीचा ‘ओव्हरटाइम’: सेंट विन्सेंटला शिडाच्या बोटीने जाणाऱ्यांसाठी

कॅरिबियनमधल्या सेंट विन्सेंट बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर अंधार पडल्यावर नांगर टाकलात आणि होडीतून कोणी कागदपत्रं मागायला आलं, तर काहीही झालं तरी पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

आम्ही पाच जण होतो. भाऊजी कप्तान. ते आणि ताई ब्रिटिश नागरिक. मी, माझी बायको आणि मुलगा भारतीय पासपोर्टवाले. उत्तरेकडच्या शेजारच्या सेंट लुशिया या बेटदेशातल्या रॉडनी बेमधून बोट भाड्याने घेतली होती आणि तिथून देश सोडल्याचा क्लिअरन्सचा कागद रीतसर घेतला होता. वार शनिवार. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत वारा छान होता, पण सेंट विन्सेंटच्या उत्तर टोकाला ला सुफ्रिएर ज्वालामुखी आहे, बाराशे मीटरहून उंच, २०२१ च्या एप्रिलमध्ये फुटला होता तोच. त्याच्या आडोशाला आलं की पूर्वेचा वारा पडतो. शिडं लोंबायला लागली, इंजिन लावलं तर तेही तापायला लागलं. त्या भागात संध्याकाळ रेंगाळत नाही, सहा-साडेसहाला मिट्ट काळोख होतो. दक्षिणेला त्याच देशाचं बेक्विया बेट आहे, तिथपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून वाटेतल्या एका लहान उपसागरात शिरलो. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे इमानाने काम करणारे होडीवाले बरेच आहेत, त्यांच्या पोटावर पाय यायला नको.

त्या किनाऱ्यावर होडीवाल्यांशिवाय भागत नाही, हेही सांगायला हवं. तळ एकदम खोल उतरतो, त्यामुळे पुढून नांगर टाकायचा आणि मागचा दोर किनाऱ्यावरच्या माडाला बांधायचा अशी पद्धत आहे. तो दोर नेऊन बांधण्याचे पैसे द्यावेत, ते कष्टाचे असतात.

आमचा दोर बांधणारा माणूस खाकी शर्टातला होता, गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र. दोर बांधून तो परत आला आणि आमच्या पिवळ्या झेंड्याकडे बोट दाखवून म्हणाला, “कॅप्टन, तुमचं देशात शिरण्याचं क्लिअरन्स व्हायचंय. कचेरी बंद झाली, पण साहेब वरच घरी आहेत. आज रात्री झालं नाही तर दंड बसेल, बोटही अडकवतील. ओव्हरटाइम तीनशे डॉलर. कागद माझ्याकडे द्या, तुम्हाला उतरायची परवानगी नाही.”

हे बोलणं इतकं पटतं, कारण त्यातलं बरंचसं खरं असतं. परदेशी बंदरात शिरताना पिवळा झेंडा लावायचा आणि क्लिअरन्स होईपर्यंत कप्तानाशिवाय कोणी उतरायचं नाही, हा नियम खराच. कचेरीच्या वेळेनंतर, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी अधिकाऱ्यांचा ओव्हरटाइम द्यावा लागतो, हेही खरं. या पट्ट्यातल्या बऱ्याच बेटांवर तो सरकारी नियमाने आकारतात. हे ठाऊक असलेला माणूस तर जास्तच विश्वास ठेवतो. पण कागद घेऊन जाण्याचं काम कप्तानाचं असतं, आणि कचेरीत जाण्यासाठी त्याला उतरण्याची मुभा असते. नेमकं हेच त्या माणसाने उलटं करून सांगितलं.

भाऊजींनी तीनशे ईस्ट कॅरिबियन डॉलर मोजून दिले. सेंट लुशियाचं आणि सेंट विन्सेंटचं चलन तेच आहे. एका अमेरिकी डॉलरला २.७० हा त्याचा दर १९७६ पासून ठरलेला आहे, म्हणजे हे साधारण १११ अमेरिकी डॉलर झाले. त्याने नोटा न मोजताच खिशात घातल्या. पाचही पासपोर्ट, बोटीचे कागद आणि सेंट लुशियाचा क्लिअरन्स घेऊन तो काळोखात गेला.

बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परतला. साहेब म्हणतात तीनशे ‘अमेरिकी’, वरचे एकशे नव्वद द्या. शिवाय तीन भारतीय पासपोर्टांना रात्रीचा व्हिसा लागेल, प्रत्येकी साठ. तोपर्यंत पासपोर्ट साहेबांकडेच राहतील.

भारतीय पर्यटकाला सेंट विन्सेंटला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे आम्हाला माहीत होतं आणि मी तसं म्हणालोही. तो भांडला नाही, नुसता खांदे उडवून होडी वळवायला लागला. अनोळखी देश, रात्र, बोटीवर मुलगा, आणि पाच जणांची ओळख सांगणारे सगळे कागद कुठल्या तरी टेकडीवर. पैसे दिले. सगळे मिळून पावणेपाचशे अमेरिकी डॉलरच्या वर गेले. मग पासपोर्ट आणि बाकीचे कागद परत आले, सोबत हाताने लिहिलेला, कसलासा पुसट शिक्का मारलेला एक चिठोरा. पासपोर्टावर शिक्का नव्हता. तो सोमवारी बसेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून बेक्वियाला पोर्ट एलिझाबेथमध्ये नांगर टाकला. कस्टम्स आणि इमिग्रेशनची कचेरी फेरीच्या धक्क्याजवळच आहे. भाऊजी एकटे गेले. अधिकारी बाईंनी चिठोरा पाहिला आणि म्हणाल्या, “तुम्ही अजून आमच्या देशात आलेलेच नाही आहात.” इंजिनाची अडचण, रात्रीचा मुक्काम, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रविवार असल्यामुळे इथेही ओव्हरटाइम लागला, पण तो छापील पावतीवर, आणि सरकारी शुल्क धरूनही रक्कम रात्रीच्या आकड्याच्या जवळपाससुद्धा नव्हती. व्हिसाचा तर प्रश्नच आला नाही. त्यांनी सेंट लुशियाचा क्लिअरन्स मात्र पुन्हा पुन्हा निरखून पाहिला. तो कागद त्या माणसाकडे राहिला असता तर इथेही अडलो असतो, म्हणून मला पैशांपेक्षा त्या कागदाच्या आठवणीने जास्त धडकी भरते.

त्यांच्याच सांगण्यावरून पोलिसांकडे तक्रार लिहून दिली. होडीचा रंग आणि तिच्यावर रंगवलेलं नाव मुलाच्या लक्षात होतं. पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हा, उशीर झालाच तर पिवळा झेंडा वर ठेवा, सगळे बोटीवरच थांबा, आणि कप्तानाने सकाळी स्वतः कचेरीत जाऊन कारण सांगावं. उशिराचं खरं कारण बोटीच्या रोजनिशीत वेळेसह लिहून ठेवा. आमच्या बाबतीत अधिकाऱ्यांनी तेच वाचलं. रात्री गणवेशातलं कोणी आलं तर त्यांना बोटीवर घ्या, कागद त्यांच्यासमोर दाखवा, पण होडीतून पाठवू नका. ‘डॉलर’ म्हटलं की कुठला, हे पैसे काढण्याआधी विचारा. छापील सरकारी पावती नसेल तर पैसे नाहीत. दोर बांधायचे पैसे मात्र आधी ठरवून, सुट्ट्या स्थानिक नोटांत, हसतमुखाने द्या.

आपल्याकडून, मुंबई-गोव्याहून श्रीलंकेला बोट नेणाऱ्यांसाठी आणखी एक. गॉल बंदरात शिडाच्या बोटीला एजंट नेमावाच लागतो, तिथे एजंटाने पैसे मागणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण तो निघण्याआधीच ईमेलवर ठरवा आणि कोणकोणत्या शुल्काचे किती, हे लेखी मागून घ्या. धक्क्यावर भेटलेल्या माणसाला ते काम देऊ नका.