गर्भाशय-अंडाशयाच्या कॅन्सरनंतर मनासाठी मदत: रुग्णालय, खासगी समुपदेशक, आधारगट की हेल्पलाइन?

उपचार चालू असतात तोवर तारखा, रिपोर्ट आणि पैशांची जुळवाजुळव यातच जीव अडकलेला असतो. डॉक्टर 'आता तीन महिन्यांनी या' म्हणाले की घरच्यांच्या लेखी आजार संपला. बाईचं बरेचदा तिथूनच सुरू होतं. झोप उडते, क्षुल्लक गोष्टीवरून रडू येतं, नवरा शेजारी येऊन बसला तरी अंग आखडतं आणि फॉलोअपची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. अशा वेळी 'कुणाशी तरी बोल' असं सगळे सांगतात. कुणाशी, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा आढावा, स्वतः रुग्ण असलेल्या बाईसाठी आणि तिच्यासाठी चौकशी करणाऱ्या बहिणी-लेकींसाठी.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण इथे पैसा आणि महिने दोन्ही वाया जातात. अंडाशय काढले असतील किंवा ओटीपोटावरच्या रेडिएशनने ते बंद पडले असतील, तर तरुण बाईची पाळी एका झटक्यात जाते. एरवी जे बदल काही वर्षांत होतात ते काही आठवड्यांत अंगावर येतात. रात्री घामाने गाऊन भिजतो, पंखा लावावा तर मुलाला थंडी वाजते, बंद करावा तर जीव घुसमटतो. चार वेळा उठलेली बाई सकाळी चिडचिड करणारच. त्यावर घरचे म्हणतात, 'हिचा स्वभावच बदलला.' हा सगळा प्रश्न समुपदेशनाने सुटणारा नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. 'मला संप्रेरकांची गोळी चालेल का?' असं कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या, म्हणजे स्क्वॅमस प्रकारात ती बहुधा देता येते. गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये प्रकार बघून ठरवावं लागतं. आपणहून कुणी हा विषय काढेल याची वाट बघू नका.

रुग्णालयातली मदत

परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आतच असते. मोठा फायदा हा की समोरच्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. आतून दिलेलं रेडिएशन म्हणजे काय, त्या टेबलावर पाय बांधून पडून राहणं कसं असतं, हे तिथल्या समुपदेशक बाईला माहीत असतं. खर्चही कमी.

तोटा वेळेचा. गर्दी इतकी असते की वीस मिनिटं निवांत मिळाली तरी पुष्कळ. दुसरी अडचण खोलीतल्या माणसांची. फाइल सासूच्या हातात, नवरा दारात उभा, आणि समुपदेशक विचारते, 'झोप लागते का?' उत्तर सासू देते, 'लागते की, दुपारीपण झोपते.' चांगली समुपदेशक अशा वेळी नातेवाइकांना बाहेर बसवते. तिने बसवलं नाही, तर 'मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय' एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक. ओपीडीत पहिल्यांदा भेटतात ते बहुधा वैद्यकीय समाजसेवक. योजना, राहण्याची सोय, मदतनिधी यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण ते मानसशास्त्रज्ञ नव्हेत. तुम्हाला कोण हवंय ते नाव घेऊन मागा. साताऱ्याहून किंवा नांदेडहून येणार असाल तर ही भेट फॉलोअपच्याच दिवशी मागून घ्या. वेगळी खेप परवडत नाही आणि मग ती होतच नाही.

खासगी समुपदेशक

इथे पाऊण तास ते तासभर फक्त तुमचा असतो. मुंबई-पुण्यात एका भेटीचे हजार ते अडीच हजार रुपये सहज होतात आणि एका भेटीत काही होत नाही. आजार परत येईल ही भीती, 'मी आता अर्धी बाई राहिले' हा विचार, यांवर विचार आणि वर्तन दोन्ही धरून काम करणारी पद्धत, जिला सीबीटी म्हणतात, उपयोगी पडते. अंगातून वाफा येतात त्यांचा त्रासही या पद्धतीने कमी होतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यासाठी आठ-दहा भेटी धरून चाला आणि तेवढे पैसे आहेत का ते आधीच बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं, पण बहुतेक पॉलिसींत फायदा होतो तो दाखल झाल्यावर. अशा भेटींचा खर्च खिशातूनच जातो.

पाटीवर 'काउन्सेलर' कुणीही लिहू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. ती विचारायला लाजू नका. माझी स्वतःची कसोटी याहून साधी आहे. पहिल्याच फोनवर विचारा, 'ओटीपोटावर रेडिएशन झालेल्या बाईबरोबर काम केलंय का?' 'सकारात्मक राहायचं हो' असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा. मराठीतून मोकळं बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठी १९९० पासून काम करणारी ठाण्याची आयपीएच ही संस्था आहे. गावात किंवा परदेशात असलेल्यांना व्हिडिओ कॉल सोयीचा, फक्त दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलायला जागा आहे का ते बघा. काहीजणी गच्चीवर जाऊन बोलतात. तेही चालतं.

आधारगट

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी (१९५१), कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९) आणि व्ही केअर (१९९४) या जुन्या संस्था. बरी झालेली बाई समोर बसून 'मलाही दोन वर्षं लघवीचा त्रास होता' म्हणते, तेव्हा जो धीर येतो तो कुठल्याही पदवीधारकाला देता येत नाही. पैसे लागत नाहीत किंवा नाममात्र लागतात.

पण गटात बहुतेक वेळा स्तनाच्या कॅन्सरच्या बायका जास्त. त्यांचे प्रश्न वेगळे, आणि त्या मिश्र बैठकीत योनीमार्ग आखडल्याचं बोलायला जीभ रेटत नाही. गटातली एखादी आजार उलटून गेली तर तो धक्का सगळ्यांना बसतो; भीती ऐन भरात असताना हे झेपत नाही. व्हॉट्सअॅपवरच्या गटांबद्दल तर मी सावधच आहे. तिथे धीरापेक्षा काढे जास्त फिरतात.

मानसोपचारतज्ज्ञ आणि हेल्पलाइन

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन नाही, जेवण तुटलंय, आंघोळसुद्धा नकोशी वाटते, अशी अवस्था असेल तर गप्पांनी भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्यांतलं व्हेन्लाफॅक्सिन वाफांवरही चालतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसुद्धा. नुसती झोपेची गोळी महिनोन्महिने घेत राहणं मात्र टाळा.

टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. रात्री दोन वाजता उद्याच्या रिपोर्टचा विचार छातीवर बसतो तेव्हा हीच मदत हाताशी असते. कॅन्सरची खास जाण तिथे असेलच असं नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर हा सगळा आढावा बाजूला ठेवा. घरातल्या एकाला उठवा, १४४१६ ला फोन लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

जे कुठेच नीट बोललं जात नाही

शरीरसंबंध. रेडिएशननंतर योनीमार्ग आखडू नये म्हणून डायलेटर, म्हणजे योनीमार्गात घालायची गुळगुळीत नळी, देतात. ओपीडीच्या गडबडीत तो हातात पडतो, घरी आला की साड्यांच्या खाली जातो आणि तिथेच राहतो. तो कसा, किती वेळ, कुठल्या जेलीबरोबर वापरायचा हे नर्सकडून किंवा ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं. मानसशास्त्रज्ञ त्यात कमी पडते. उलट 'हे वापरताना मला ते टेबल आठवतं' हे तिच्याकडेच बोलायचं.

नवऱ्याला एकदा तरी डॉक्टरांसमोर बसवा. कॅन्सर संबंधातून लागत नाही, संपलेलं रेडिएशन अंगात उरत नाही, हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा एचपीव्ही हा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गुपचूप राहू शकतो. तो आढळला म्हणून दोघांपैकी कुणी बाहेर काही केलं असा अर्थ निघत नाही. संशयाने पोखरलेल्या घरात आठ हजारांचं समुपदेशनही पाण्यात जातं.

निवडायचंच तर माझा क्रम असा: आधी शरीर तपासून घ्या, मग रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाची एक भेट. तिच्या सल्ल्याने खासगी भेटी किंवा मानसोपचारतज्ज्ञ. गट सहा महिन्यांनी, भीती जरा बसल्यावर. त्याआधी बरी झालेली एकच बाई फोनवर मिळाली तर उत्तम, आणि तीही तुमच्याच प्रकारच्या कॅन्सरमधली मागा. पैसे अगदीच नसतील तर रुग्णालय आणि १४४१६ ही जोडी कामचलाऊ नाही, बऱ्याचजणींना पुरते.