टॉवरसमोरचा फ्लॅट की रिंग रोडवरचा? टोकन देण्याआधी हे बघा

माझ्या मावसबहिणीला दिवाळीआधी घर घ्यायचंय. महिनाभर फिरून शेवटी दोन फ्लॅट उरले. पहिला नागपुरातल्या मनीषनगरात, आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. समोरच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर. दुसरा रिंग रोडला लागून, तिसऱ्या मजल्यावर, जवळपास टॉवर नाही. किंमत उन्नीस-बीस. घर तिला मनीषनगरचंच आवडलंय, पण मन धजत नाही. "दादा, लेकराला घेऊन टॉवरसमोर कसं राहू?" तिच्या सासूबाईंचे उपचार तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये झाले, त्यामुळे त्या घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. ही भीती हसण्यावारी न्यायची नाही, असं ठरवूनच मी दोन्ही फ्लॅट पाहायला गेलो.

आधी टॉवर. त्यातून रेडिओलहरी निघतात. एक्स-रेसारखी पेशीतल्या डीएनएचे बंध तोडण्याइतकी ताकद या लहरींत नसते. पुरेशा तीव्र असल्या तर त्या शरीर तापवतात. हा त्यांचा सिद्ध झालेला परिणाम, आणि सगळ्या मर्यादा त्यावरूनच ठरल्या आहेत. आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून लागू केली. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या मोबाइल लहरींना ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट आहे.

आता हे आकडे त्या गल्लीत आणून बघू. अँटेना बॅटरीच्या झोतासारखी काम करते. झोत आडवा समोर जातो, किंचित खाली झुकलेला. पायथ्याशी थेट फार कमी पडतो. साधारण २० वॅटची अँटेना समोरच्या बाजूला ऊर्जा पन्नासेक पट एकवटते असं धरा. मग झोताच्या ऐन मध्यावर २० मीटरवर दर चौरस मीटरला ०.२ वॅट भरतात, ४० मीटरवर ०.०५ आणि १०० मीटरवर ०.००८. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. मी गल्ली पावलांनी मोजली, ४० मीटरच्या आसपास भरली. म्हणजे एका अँटेनाच्या ऐन झोतातही ०.४५ च्या मर्यादेचा नववा हिस्सा. शिवाय अँटेना तिच्या खिडकीपेक्षा बऱ्याच उंच आहेत, म्हणजे मुख्य झोत डोक्यावरून जातो, आणि मध्ये विटांची भिंत आहेच.

हेच घर अँटेनाच्या उंचीवर, अगदी समोर असतं तर मी इतक्या सहज बोललो नसतो. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असतात, त्यांची बेरीज होते. दूरसंचार विभागाच्या सूचनेप्रमाणे त्याच उंचीवर, समोर तोंड करून एक अँटेना असेल तर इमारत किमान २० मीटर लांब हवी, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५ आणि सहा असतील तर ५५ मीटर. म्हणून टॉवरसमोरचं घर बघताना पत्र्याच्या उभ्या पेटीसारख्या त्या अँटेना आपल्या खिडकीकडे तोंड करून किती आहेत आणि कुठल्या मजल्याच्या पातळीला आहेत, ते खाली उभं राहून मोजा. गोल डिश मोजू नका. त्या एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे बारीक झोत टाकतात.

रिंग रोडच्या फ्लॅटमध्ये टॉवर नाही म्हणजे रेडिएशन कमी, असं तिनं गृहीत धरलं होतं. तिथे उभ्या उभ्या मी फोन लावला. रेंजची एकच कांडी, आवाज तुटतोय, म्हणून मी मोबाइल कानाशी आणखी दाबून धरला. रेंज कमी असली की फोन स्वतःची ताकद वाढवतो. चांगल्या आणि वाईट रेंजमधला फरक शेकडो पटींचा असू शकतो. टॉवर ४० मीटरवर असतो, फोन कानापासून एका सेंटीमीटरवर. डोक्याला मिळणाऱ्या एकूण मात्रेत फोनचाच वाटा बहुतेकदा मोठा असतो. फोनसाठी आपल्याकडे शरीराच्या दर किलोला १.६ वॅट ही मर्यादा आहे. स्टार-हॅश-०७-हॅश दाबलं की आपल्या हँडसेटचा आकडा दिसतो. या एका बाबतीत टॉवरजवळचं घर उजवं ठरतं, हे तिला पटायला वेळ लागला.

कॅन्सरचं काय? मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' म्हणजे २बी गटात टाकलं. व्हॉट्सअॅपवर फिरतं ते हेच. त्या गटाचा अर्थ, पुरावा मर्यादित आहे आणि शंका पूर्ण मिटलेली नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये संपलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात नर उंदरांच्या हृदयात गाठी वाढलेल्या दिसल्या, हेही खरं. त्यांना रोज नऊ तास, दोन वर्षं, सबंध अंगाला टॉवरपेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली होती. दुसऱ्या बाजूला ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या १,३९७ कॅन्सरग्रस्त मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आई गरोदर असताना घर टॉवरपासून किती लांब होतं, तिथं किती मात्रा पोचत होती, हे तपासलं. संबंध आढळला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास एकत्र पाहिले गेले, त्यातही मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. एअरटेलने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या आठ शहरांत ५जी आणलं, त्यात नागपूर होतं. तेव्हापासून चौकाचौकात भीती वाढली, पण ५जीच्या लहरीही याच जातीच्या, आणि त्यांनाही तशीच मर्यादा आहे.

राहिली डोकेदुखी आणि झोप. इथे मला आमच्या सोसायटीचं सांगायलाच हवं.

आमच्या गच्चीवर सहा वर्षं टॉवर होता. तळमजल्यावरच्या काकूंचं डोकं दुखायचं, रात्र रात्र झोप नाही. सगळे म्हणायचे, रेडिएशन. एका मे महिन्यात रात्री लाइट गेली आणि मी त्यांच्याकडे बसलो होतो. दोन मिनिटांत टॉवरचा जनरेटर सुरू झाला, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. घरातल्या इन्व्हर्टरवर त्यांचा कूलर चालूच होता, आणि तो बाहेरची हवा ओढतो. खसाच्या वासाच्या जागी डिझेलचा धूर आत यायला लागला, ग्लासातलं पाणी टेबलावर थरथरत होतं. त्या बाई उन्हाळाभर असं जगत होत्या आणि आम्ही वर गच्चीकडे बोट दाखवत होतो. जनरेटर मागच्या बाजूला हलवून घ्यायला कंपनीशी सहा महिने पत्रव्यवहार करावा लागला, याचा राग मला अजून आहे. जनरेटर हलला, काकूंची झोप परत आली. टॉवर मात्र त्यानंतरही दोन वर्षं तिथेच होता. लहरींनी त्रास होतो म्हणणाऱ्या लोकांवर परदेशात चाचण्या झाल्या आहेत. यंत्र चालू की बंद हे न सांगता त्यांना बसवलं, तर त्यांना ते ओळखता आलं नाही. त्यांचा त्रास खराच होता. कारण दुसरीकडे शोधायला हवं होतं.

म्हणून रिंग रोडच्या फ्लॅटकडे मी त्याच नजरेनं पाहिलं. बाल्कनीच्या ग्रीलवरून बोट फिरवलं, काळंभोर. बिल्डर म्हणाला, परवाच पुसलंय. खाली ट्रक गिअर बदलत होते. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये त्याच कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात, घातली. टॉवर २बीमध्ये, रस्ता पहिल्यात. पाच वर्षांच्या पोराचं नाक त्या बाल्कनीत ग्रीलच्या उंचीला येतं. खर्राही पहिल्याच गटातला: तंबाखू आणि सुपारी दोन्ही. टॉवर हटावच्या निवेदनावर पानठेल्यावर सह्या होतात, तेव्हा हातातल्या पन्नीत खर्रा घोटणारी माझ्या ओळखीची तरुण मुलं बघून माझा जीव तुटतो.

टॉवर आपल्याच गच्चीवर असलेला वरच्या मजल्याचा फ्लॅट मात्र मी सहसा टाळा म्हणेन. त्याचं कारण झोत हे नव्हे. तो बाहेर जातो. कारण आहे गच्चीवरचं वजन, पावसाळ्यातली गळती आणि रात्री-बेरात्री वर जाणारी माणसं. सोसायटीला भाडं मिळतं म्हणून मेंटेनन्स कमी, हे आमिष मोठं असतं. तरीही घ्यायचाच असेल तर इमारतीच्या मजबुतीचा दाखला आणि कंपनीसोबतचा करार वाचायला मागा, आणि जनरेटर कुठे आहे ते स्वतः बघा.

टॉवरबद्दल शंका उरत असेल तर मोजून घेता येतं. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' संकेतस्थळावर पत्ता टाकला की आसपासचे टॉवर आणि ते मर्यादेत आहेत का ते दिसतं. ४,००० रुपये भरले तर विभागाची माणसं येऊन तुमच्या जागेवर मोजणी करतात. लाखोंच्या घरापुढे ही रक्कम काहीच नाही. मोजणी ताबा घेतल्यावर करण्यापेक्षा टोकन देण्याआधी करा.

माझं मत मी तिला सांगितलं: मनीषनगर घे, मोजणी करून, आणि समोरच्या इमारतीचा जनरेटर ऐकून. काल रात्री साडेदहाला ती नवऱ्याला घेऊन त्या गल्लीत गेली होती. वॉचमनकडून कळलं की जनरेटर मागच्या बाजूला आहे, लाइट गेली तरच चालतो. त्यांनी बेडरूमच्या खिडकीखाली अर्धा तास उभं राहून ऐकलं. मोजणीचे पैसे ती सोमवारी भरतेय.