कोल्ट १९११ की ग्लॉक १७?

अमेरिकेत कमरेला पिस्तूल बाळगणाऱ्यांचा हा जुना वाद. हिशेबाने पाहिलं तर ग्लॉकच जिंकतं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारलेलं हे पॉलिमरच्या, म्हणजे टणक प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल रिकामं असताना जेमतेम सव्वासहाशे ग्रॅम भरतं, आणि मॅगझिनमध्ये ९ मिमीच्या १७ गोळ्या मावतात. घामाने सांगाडा गंजायचा प्रश्नच नाही.

जॉन ब्राउनिंगने रचलेलं कोल्ट १९११ मात्र सगळं पोलादी: वजन किलोच्या वर, .४५ इंची गोळ्या फक्त सात. दिवसभर वागवलं की पट्टा खाली ओढला जातो. तरी लोक ते सोडत नाहीत, आणि मला ते पटतं. हेच वजन गोळी सुटताना धक्का पचवतं. पातळ असल्याने ते शर्टाखाली बेताने लपतं. ट्रिगर सरळ मागे सरकतो, छोटासा आणि स्वच्छ. ग्लॉकचा त्यापुढे स्प्रिंग दाबल्यासारखा वाटतो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, कडांना उडालेला निळसर मुलामा... हे देखणेपण ग्लॉकला वापरून येत नाही. पण १९११ चा घोडा ताणून, सेफ्टीची खीळ लावून फिरायचं, तर ती झटकन काढायचा अंगठ्याला सराव हवाच. तो करायचा कंटाळा असेल, तर मुकाट्याने ग्लॉक घ्यावं.