शुगर-फ्री डार्क चॉकलेट : तीन महिन्यांचा हिशेब

मार्चमध्ये केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.१ आले. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांनी तूर्त औषध न देता साखर आणि चॉकलेट बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले. जेवणानंतरच्या गोडाची मला फारशी ओढ नाही. पण दुपारी चार वाजता शाळेतून घरी आल्यावर चपला काढण्याआधी फ्रिज उघडून चॉकलेट तोंडात टाकायचे, ही सवय वीस वर्षांची आहे. ती मोडण्याऐवजी तिच्यासाठी पळवाट शोधावी, असे मला वाटले आणि औषधाच्या दुकानात काउंटरवरच मांडलेले शुगर-फ्री चॉकलेट मी उचलले. दुकानदारही म्हणाले, "मॅडम, साखर नाहीच आहे यात, बिनधास्त खा." त्यांच्या शब्दाला मी जरा जास्तच जागले.

पुढच्या तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या उत्पादकांची शुगर-फ्री चॉकलेटे मी आणली. तिन्ही इतकी सारखी निघाली, की हे परीक्षण एखाद्या कंपनीपेक्षा या प्रकाराचेच आहे असे समजावे.

चवीबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगते. चांदी उलगडल्यावर कोकोचा वास येतो, तुकडा मोडताना हवा तसा कट्‌ असा आवाज होतो आणि डोळे मिटून खाल्ले तर पहिल्या काही सेकंदांत साखर नसल्याचे कळतही नाही. फरक जाणवतो तो चॉकलेट विरघळल्यानंतर. साखरेची गोडी ओसरून कोकोचा कडवटपणा जसा वर येतो तसा येथे येत नाही. गोडवा टाळूला चिकटून राहतो आणि पाणी प्यावेसे वाटते. एका चॉकलेटमध्ये स्टीव्हिया (एका वनस्पतीच्या पानांतून काढलेला गोड पदार्थ) हेही होते, त्याची ज्येष्ठमधासारखी चव मात्र मला शेवटपर्यंत रुचली नाही.

साखर काढल्यावर तिच्या जागी काय घातले आहे, हे वेष्टनाच्या मागच्या बाजूला कळते. साध्या मिल्क चॉकलेटचा निम्मा भाग साखरेचा असतो. स्टीव्हिया साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असल्याने ते चिमूटभरच लागते आणि त्याने तो निम्मा भाग भरून निघत नाही. म्हणून वजनाला साखरेइतके घालता येईल असे काहीतरी उत्पादकाला हवे असते आणि ते बहुतेक वेळा मॉल्टिटॉल असते. हा पॉलिऑल, म्हणजे साखरेसारखा गोड पण पूर्ण न पचणाऱ्या पदार्थांच्या गटातला पदार्थ घटकांच्या यादीत अनेकदा नुसत्या ९६५ या क्रमांकाने येतो. गोडीला तो साखरेच्या जवळपास जातो, उष्मांक ग्रॅममागे चारऐवजी दोन-अडीच इतके देतो आणि रक्तातली साखरही साखरेपेक्षा कमी वाढवतो. कमी वाढवतो, पण वाढवतोच. त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्लेला पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो याचे माप) ३५च्या आसपास आहे आणि साखरेचा ६५च्या आसपास. 'बिनधास्त' या शब्दात हा ३५चा आकडा बसत नाही. शिवाय कोको बटर जसेच्या तसे असल्यामुळे माझ्या हातातल्या चॉकलेटवर १०० ग्रॅमला सुमारे ४७० कॅलरी छापलेल्या होत्या. वजन उतरवण्याच्या आशेने हे खाणाऱ्यांनी तेवढी एक ओळ अवश्य वाचावी. दुसरे एक चॉकलेट 'नो अ‍ॅडेड शुगर' होते. त्यात वरून साखर घातलेली नव्हती हे खरे, पण दुधाच्या पावडरीतली साखर होतीच. 'शुगर-फ्री' आणि 'नो अ‍ॅडेड शुगर' हे दोन दावे वेगळे आहेत आणि दुकानात ते एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात.

आता मुख्य तक्रार. एप्रिलमधल्या एका रविवारी क्रिकेटचा सामना पाहता पाहता मी ४० ग्रॅमची दोन चॉकलेटे संपवली. साखर नाही म्हटल्यावर हात आखडायचे कारणच उरले नव्हते. रात्री अकरापासून पोटात जे गुरगुरू लागले, ते पहाटेपर्यंत थांबले नाही. सोमवारचे पहिले दोन तास मी बदलून घेतले. मॉल्टिटॉल लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाही. उरलेले पुढे मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते आणि तिथल्या जिवाणूंच्या हाती लागून त्याचा वायू होतो. दोन चॉकलेटांतून माझ्या पोटात ते तीस ग्रॅमच्या वर गेले असणार. पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात, ही सूचना वेष्टनावर होती. नियमानुसार ती छापावीच लागते. मात्र ती घडीच्या आत, तपकिरी कागदावर सोनेरी अक्षरांत होती आणि चाळिशीचा चष्मा लावूनही मला मोबाइलचा दिवा पाडून वाचावी लागली. समोर 'शुगर-फ्री' ही अक्षरे बोटाएवढी होती.

त्या सकाळी ओव्याचे पाणी हातात देताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, गोड सोडायचंय ना? मग हे गोडाचं सोंग कशाला आणतेस?" तेव्हा राग आला, पण त्यांचे म्हणणे नेमके होते. चार वाजताची माझी ओढ तीन महिन्यांत तसूभरही कमी झाली नव्हती, उलट आधी चार तुकड्यांवर थांबणारा हात आता अख्खे चॉकलेट संपवत होता. जागतिक आरोग्य संघटनेने वजन नियंत्रणासाठी साखरेऐवजी गोडी देणारे पदार्थ वापरू नयेत, असे मे २०२३ मध्ये सांगितले. त्या सल्ल्यात स्टीव्हिया आणि सुक्रालोज येतात, मॉल्टिटॉलचा गट येत नाही. तरी जिभेची सवय तीच राहते हा माझा अनुभव दोन्हींना लागू पडला.

याच काळात चहाचाही हिशेब केला. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दीड चमचा, म्हणजे सहा चमचे, साधारण २५ ग्रॅम साखर. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात याच्याही आत राहावे, असे त्याच संघटनेने २०१५ मध्ये सुचवले होते. म्हणजे चॉकलेटला हात लावण्याआधीच माझा वाटा चहात संपत होता. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत सहा आठवड्यांत चहा बिनसाखरेचा झाला. पहिले तीन आठवडे तो काढ्यासारखा लागला. (मधल्या काळात साखरेऐवजी गूळ घालून पाहिला. गूळही बहुतांशी साखरच असते, हे डॉक्टरांनी हसत हसत सांगितल्यावर तोही बंद केला.)

शुगर-फ्रीऐवजी आता मी ८५ टक्के कोकोचे साधे डार्क चॉकलेट आणते. उरलेला १५ टक्के भाग मुख्यतः साखरेचाच, म्हणजे दहा ग्रॅमच्या तुकड्यात फार तर दीड ग्रॅम. पहिल्या दिवशी ते कारल्याच्या नात्यातले वाटले. दोन आठवड्यांनी त्यातली फळासारखी आंबूस चव कळू लागली आणि एका तुकड्यानंतर दुसरा खावासा वाटत नाही, हाच त्याचा मोठा गुण ठरला.

किमतीचे म्हणाल तर शुगर-फ्री चॉकलेट साध्याच्या जवळजवळ दुप्पट पडते. मधुमेह असलेल्या माणसाला वाढदिवसाला एखादा तुकडा देण्यासाठी ते ठीक आहे, आणि तेव्हाही त्याच्या गोळ्यांचा व जेवणाचा हिशेब धरूनच. माझ्यासारख्या उंबरठ्यावरच्या, सवय मोडू पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मी त्याला पाचपैकी दोन गुण देईन. ते दोन्ही चवीचे. जूनमधल्या तपासणीत एचबीएवनसी ५.८ आले, पण त्याचे श्रेय मी चहाला देते. तिसऱ्या उत्पादकाची दोन चॉकलेटे फ्रिजच्या दारात अजून पडून आहेत आणि पाहुण्यांना द्यावीत तर आधी ती घडीतली सूचना वाचून दाखवावी लागेल.