सिगारेटवाल्याला दार बंद, दारूवाल्याला खुर्ची? ठरवायच्या आधी हे वाचा

आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत किंवा धोरण ठरवणाऱ्या कमिटीत असाल तर हा प्रश्न कधीतरी येतोच, कंपनी फंड द्यायला तयार आहे, चर्चेलाही यायला तयार आहे, घ्यायचं का? सिगारेट कंपनी असेल तर कोणी दोन मिनिटंपण विचार करत नाही, पण बिअर-व्हिस्कीवाले असले की लगेच "अहो ते वेगळं आहे" सुरू होतं.

तंबाखूचं सोपं आहे कारण नियम लिहिलेला आहे. डब्ल्यूएचओचा तंबाखू नियंत्रण करार 2005 पासून लागू आहे, त्याचं कलम 5.3 म्हणतं की आरोग्य धोरण या उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवा. नाही म्हणायला हातात कागद आहे. आणि तो उगाच नाही आला, 1954 मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी 400 हून जास्त पेपरांत जाहिरात देऊन संशोधनाला मदत करू म्हणून सांगितलं आणि मग वर्षानुवर्षं शंका पेरत बसले, 1969 च्या एका कंपनीच्या मेमोत तर शंका हेच आपलं प्रॉडक्ट असं चक्क लिहिलेलं सापडलं. सवय अजून गेलेली नाही, 2017 मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या पैशावर धूरमुक्त जगासाठी फाउंडेशन निघालं (नाव बघा!), डब्ल्यूएचओने त्यांच्यासोबत काम करायला नकार दिला.

दारूसाठी असा करारच नाही. डब्ल्यूएचओची 2010 ची जागतिक स्ट्रॅटेजी आहे पण ती बंधनकारक नाही, त्यामुळे कंपन्या 'भागीदार' म्हणून मीटिंगला येऊन बसतात आणि 'जबाबदारीने प्या'ची पोस्टरं वाटतात, ज्यात सगळी जबाबदारी पिणाऱ्याच्या माथी आणि किंमत, जाहिरात, दुकानांच्या वेळा याबद्दल अवाक्षर नाही. खरा फरक तर त्यानेच पडतो ना!

बाकी खेळ तोच. रोज एक ड्रिंक हृदयाला चांगलं का हे तपासणारी अमेरिकेतली मोठी सरकारी ट्रायल 2018 मध्ये बंद करावी लागली, कारण तिच्यासाठी दारू कंपन्यांकडे पैसे मागितले गेले होते. कॅनडाच्या युकॉनमध्ये 2017 साली बाटल्यांवर कॅन्सरचा इशारा चिकटवायचा प्रयोग झाला, उद्योगाने ओरड केली, महिन्याभरात थांबला आणि परत सुरू झाला तेव्हा कॅन्सरचं लेबल गायब. दारू कॅन्सरकारक म्हणून 1988 पासून डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत आहे हं.

कोर्टाचं बघा. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये सिगारेटचं साधं पाकीट (कंपनीचा लोगो, रंग काही नसलेलं) आणलं, केसेस चालू असतानाच लागू केलं. स्कॉटलंडने त्याच वर्षी दारूच्या किमान किमतीचा कायदा केला, व्हिस्कीवाल्यांची संघटना कोर्टात गेली, लागू व्हायला 2018 उजाडलं. सहा वर्षं! आणि 'वेगळी' इंडस्ट्री म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की मिलर बिअर 2002 पर्यंत फिलिप मॉरिसचीच होती.

एक फरक मान्य, 'थोडी चालते' हे सिगारेटबद्दल आता कोणी बोलत नाही, दारूबद्दल आपल्याच कमिटीतले निम्मे बोलतील. म्हणून तिथे तोंडी तत्त्व चालत नाही, लेखी लागतं.

माझं मत, पैसा दोघांचाही नको. दारूवाल्यांचं म्हणणं ऐकायचंच असेल तर लेखी मागवा आणि सगळ्यांना बघायला ठेवा, पण मसुदा लिहिणाऱ्या खोलीत खुर्ची नाही. कार्यक्रम छोटा होईल, हो, होईल.