आधी ‘कोसला’ की ‘द स्ट्रेंजर’?

भाचीने विचारलं, “मामा, अस्तित्ववाद म्हणून, म्हणजे जगण्याला आयता अर्थ नसतो या विचाराची, सुट्टीत एकच कादंबरी वाचायची तर कुठली?” मलपृष्ठावरचं कौतुक बाजूला ठेव, म्हटलं.

वेळेचं बघितलं तर आल्बेर काम्यूची ‘द स्ट्रेंजर’ (१९४२) दोन संध्याकाळींत संपते. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) जाडजूड, वर रेंगाळतही जाते. भाषेचं म्हणशील तर काम्यूची कोरडी, तुटक वाक्यं इंग्रजी अनुवादातही टिकतात. ‘कोसला’च्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकरचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ मात्र मराठीतच वाचावं. कॉलेजात मी महिनाभर तसाच बोलायचो. आई वैतागली होती.

खरा फरक मरणापाशी. काम्यूचा नायक म्यर्सो आईच्या शवपेटीशेजारी दुधाची कॉफी पितो, सिगरेट ओढतो, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी पोहायला जातो. पुढे तो खून करतो, पण कोर्टात न गाळलेल्या अश्रूंचाच हिशेब जास्त होतो. इकडे धाकटी बहीण मनी जाते आणि पांडुरंगाची सगळी टिंगल गळून पडते. ती पानं वाचून मी पुस्तक मिटलं आणि गच्चीवर जाऊन बसलो.

शेवटी म्यर्सोला कोठडीत जगाच्या बेपर्वाईशी जुळवून घेता येतं. पांडुरंग पुण्याहून गावी परततो, रिकाम्या हातांनी.

विचार नीट समजून घेऊन वर्गात मांडायचा असेल तर काम्यू. घर सोडून खोली घेतलीय आणि मेसच्या जेवणासकट सगळंच निरर्थक वाटतंय, तर ‘कोसला’. भाची यंदाच होस्टेलला गेली. तिला माझी पेन्सिलीच्या खुणांची ‘कोसला’ दिली.